ऑफिसकामासाठी चाळीस हजारांत लॅपटॉप: टॅली, डीएससी टोकन आणि मराठी टायपिंग सांभाळणारा कोणता घ्यावा?

जमाखर्च
नमस्कार मंडळी. बार्शीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि मदतीला एक मुलगी. जीएसटीची विवरणपत्रं, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, व्यापाऱ्यांची टॅलीतली खाती, अधूनमधून बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, असं काम असतं.

सध्याचा लॅपटॉप इंटेलच्या पाचव्या पिढीचा आहे. विंडोज १० ची नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. सुरक्षेची जादा वर्षाची अपडेट्स घेतली आहेत, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याआधी नवा घ्यायचा आहे. लोकांचे पॅन, आधार, बँक खाती या मशीनवर असतात. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर हे सगळं ठेवणं मला पटत नाही.

बजेट चाळीस हजार, फार तर दोन-तीन हजार इकडेतिकडे. जीएसटीच्या मुदतींमुळे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास दिवसभर ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, सोबत टॅली, एक्सेल आणि पीडीएफ उघडे असतात. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन रोज लागतं. आमचे जुने करारनामे आणि अर्ज श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आठवड्यातून काही वेळा व्यापाऱ्यांच्या दुकानात जाऊन काम करावं लागतं, म्हणून डेस्कटॉप नको.

दुकानदार "आय-सेव्हनच घ्या, मग बघायला नको" म्हणतो, पण त्या पैशांत तो दाखवतो ते मॉडेल जुन्या पिढीचं आहे. काय बघावं आणि कशावर पैसे वाया घालवू नयेत, ते सांगा.

कळफलक
ताई, पुण्यात छोट्या ऑफिसांची मशीन्स सांभाळणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कामात प्रोसेसर क्वचितच अडतो, अडते ती रॅम. विंडोज ११ आणि वीस टॅब मिळूनच ८ जीबी भरत आणतात. त्यात टॅली आणि जीएसटीआर-२बीची (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीची) मोठी एक्सेल फाइल उघडली की मशीन एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर, उसनवारी करायला लागतं आणि माउस अडखळतो. म्हणून १६ जीबी धरून चला. आता अडचण अशी की २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळा माल वळलाय. मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू" हा एरवीचा सल्ला या वर्षी तसाच लागू होत नाही. कंपनीतूनच १६ जीबी असलेलं आणि ८ जीबीचं, दोन्हींच्या किमतीतला फरक विचारा. मग बाजारातल्या सुट्या ८ जीबीचा भाव विचारा. उत्तर तिथेच मिळेल.

८ जीबीचं घ्यायचं झालंच तर एक रॅम स्लॉट (रॅमची पट्टी बसवायची जागा) रिकामा आहे की नाही ते आधी पक्कं करा. बऱ्याच स्वस्त मॉडेल्समध्ये रॅम बोर्डाला डाग देऊन पक्की केलेली असते आणि स्लॉटच नसतो. विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका. कंपनीच्या साइटवर त्या अचूक मॉडेल नंबरचं पान उघडा आणि मेमरीची ओळ वाचा.

आता नावांची दिशाभूल. पाटीवर 'आय-थ्री' असलं म्हणून दोन आय-थ्री सारखे नसतात. आय३-१२१५यू आणि आय३-१३१५यू यांत दोन ताकदवान आणि चार काटकसरी कोअर असतात. आय३-एन३०५ मध्ये आठही कोअर काटकसरीचे. नाव तेच, जात वेगळी. एएमडीत रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे ऐकायला भाऊभाऊ वाटतात, पण पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३ चे सहा. या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, तेवढा बघितला तरी पुरतं. शिवाय ७३२०यू आणि ७५२०यू सोबतची रॅम कायम बोर्डावरच पक्की असते, पुढे वाढवताच येत नाही. सेलेरॉन, एन१००, किंवा ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) साठवण असलेलं काही कोणी दाखवलं तर नको म्हणा. तुमच्या कामाला ते पुरणार नाही.

तुमच्यासाठी आय३-१३१५यू पुष्कळ झाला. रायझन ५ ७५३०यू बजेटात बसला तर फारच उत्तम. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मुक्काम_पुसद
कळफलक यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो, म्हणजे बाजूची भोकं. मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. आमच्याकडे एका वेळी बोटाचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर, स्कॅनर, माउस आणि वर पेनड्राइव्ह घेऊन उभा असलेला माणूस, एवढं सगळं असतं. नवे पातळ लॅपटॉप दोन टाइप-सी आणि एकच जुनं मोठं यूएसबी देतात. डीएससीचं टोकन त्या मोठ्या यूएसबीतच बसतं. हब लावता येतो, पण स्वस्त हबवर टोकन मध्येच गायब होतं आणि सही करताना 'टोकन सापडलं नाही' असा संदेश येतो. निविदा भरायची शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना हे झालं की माणूस रडकुंडीला येतो.

म्हणून मोठी यूएसबी किमान दोन, तीन मिळाली तर सोनं. एचडीएमआय हवंच. नेटच्या केबलचं भोकही बघा. पोर्टल आधीच रडत असतं, त्यात वायफायची भर नको.

दुसरं, स्नॅपड्रॅगनवाले नवे विंडोज लॅपटॉप दिसायला छान, बॅटरी दिवसभर. तरीही तुमच्या-माझ्या धंद्यासाठी घेऊ नका. ते एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतात. साधी सॉफ्टवेअरं चालतात, पण टोकन, ठशांचं यंत्र, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्या जातीसाठी वेगळे बनवावे लागतात आणि अनेकांचे बनलेलेच नाहीत. त्याच कारणाने क्रोमबुकही बाद. तिथे टॅली बसत नाही आणि टोकनचं सॉफ्टवेअरही.

टंकिका
मी अहिल्यानगरला टायपिंगची कामं घेते, त्यामुळे मराठीचं माझ्याकडून.

श्रीलिपीच्या जुन्या फायली नव्या मशीनवर दिसायला ते फॉन्ट लागतातच. तुमची आवृत्ती डोंगलची (यूएसबीत लावायच्या किल्लीची) असेल तर आणखी एक यूएसबी तिथे गेली, हे पुसदकरांच्या हिशोबात धरा. माझा आग्रह असा की नवा लॅपटॉप येईल त्या दिवसापासून नवं सगळं युनिकोडमध्येच (वेगळ्या फॉन्टशिवाय कुठेही दिसणाऱ्या मराठीत) लिहा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतो आणि २०१९पासून फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मदतीला आलेल्या मुलीचा जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेला असेल तर तिला सक्तीने बदलायला लावू नका. युनिकोड उमटवणारे रेमिंग्टनचे कळफलकही मिळतात. जुन्यातले जे नमुने वारंवार लागतात तेवढे एकदा रूपांतर करून नीट तपासून घ्या. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, विशेषतः 'र्‍य' आणि 'ऱ्ह' जिथे येतात तिथे. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवली तरी चालतं.

आणि हो, कळफलक प्रत्यक्ष दाबून बघितल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका. सगळे प्रोसेसरवर तासभर बोलतात आणि जिथे बोटं आठ तास असणार तिथे हात लावून बघत नाहीत. मधोमध जोरात दाबल्यावर पूर्ण पट्टी खाली वाकते का ते बघा. एंटरची कळ पुरेशी रुंद आहे का, खालच्या-वरच्या बाणांच्या कळा अर्ध्या करून एकमेकींवर चिकटवल्या आहेत का, हेही बघा. तुम्हाला आकडे टाकायचे असतात, म्हणजे उजवीकडचा नंबरपॅड हवाच. तो बहुतेक १५.६ इंचीत असतो, १४ इंचीत नसतो. नंबरपॅडची एंटर आणि अधिक या कळा काही मॉडेल्समध्ये इतक्या बारीक असतात की व्हाउचर टाकताना बोट शेजारच्या कळेवर जातं. दुकानात नोटपॅड उघडून एका पानाची बेरीज टाकून बघा, लगेच कळेल.

लॅमिंग्टनकर
कोणी सेकंडहँडचं बोललं नाही अजून. मी दुरुस्तीच्या कामात आहे. माझं स्पष्ट मत: चाळीस हजारांच्या नव्या प्लास्टिक बॉडीपेक्षा पंचवीस-तीस हजारांचा कंपनीतून निघालेला बिझनेस लॅपटॉप जास्त टिकतो. लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक. बिजागरी धातूची, कळफलक दमदार, मागचे स्क्रू काढले की रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं बहुतेक मॉडेल्समध्ये हाताशी, आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

पण पिढी बघून घ्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किमान लागते. आठवीच्या मशीन्सना आता सात-आठ वर्षं होत आली, म्हणून मी ऑफिसकामाला अकरावीच्या खाली जायला सांगत नाही. लॅटिट्यूड ५५२० बघा, १५.६ इंची आहे, नंबरपॅडसह मिळतं.

घेताना विकणाऱ्यासमोर करायच्या गोष्टी. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' असं टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरी साठ टक्के उरली, मग नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. मशीन सुरू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरून बघा, पासवर्ड मागितला तर हात जोडून परत द्या. विंडोज रीसेट करून वायफायला जोडा. सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं नाव झळकून तिथलं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीतून मोकळं झालेलं नाही. किती का स्वस्त असेना, घेऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडीची प्रकृती सांगतं, तेही चालवा.

आणि पक्कं बिल हवंच. बिलावर सीरियल नंबर लिहिलेला असला पाहिजे.

कळफलक
लॅमिंग्टनकर, तुमचं म्हणणं मुंबई-पुण्यात राहणाऱ्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः ग्राहकांना अशी मशीन्स देतो. पण ताई बार्शीत आहेत आणि ऑफिसात हे एकच मशीन असणार. १८ तारखेला मदरबोर्ड गेला तर तो मुंबईला पाठवून कसं चालेल? तिथे वॉरंटीच कामाला येते.

लॅमिंग्टनकर
मान्य. एकच मशीन असेल तर नव्याचं पारडं जड. मग दुसरं म्हणून मागून कधीतरी जुनं घ्या.

जमाखर्च
खूप आभार. एवढं कोणी दुकानात सांगत नाही. वॉरंटीचं नेमकं काय विचारायचं? दुकानदार "वर्षाची वॉरंटी आहे" एवढंच सांगतो.

कळफलक
'ऑनसाइट' की 'कॅरी-इन', हा पहिला प्रश्न. कॅरी-इन म्हणजे बिघडला की तुम्ही तो सर्व्हिस सेंटरला न्यायचा, तुमच्या बाबतीत बहुधा सोलापूरला, म्हणजे सत्तर किलोमीटर जाऊन ठेवायचा आणि पुन्हा सत्तर किलोमीटर जाऊन आणायचा. ऑनसाइटमध्ये माणूस सुटा भाग घेऊन तुमच्याकडे येतो. पण कागदावर ऑनसाइट असलं तरी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, ते कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. दुकानदाराला नको.

लाखमोलाची गोष्ट म्हणजे घरगुती मालिका आणि ऑफिसची मालिका वेगळ्या असतात. लेनोवोची व्ही किंवा थिंकबुक, एचपीची प्रोबुक, एसरची ट्रॅव्हलमेट, असूसची एक्स्पर्टबुक, आणि डेलची वोस्त्रो, जिची जागा २०२५पासून 'डेल प्रो' नाव घेतंय. चकचकीत जाहिरात त्यांची होत नाही, मॉलमध्ये मांडलेल्याही कमी दिसतात. पण बाजूची भोकं जास्त असतात आणि मागचं झाकण उघडून काम करणं सोपं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीलरकडे मागवून मिळतात. यातल्या काही विंडोजशिवायही विकतात, तेव्हा किंमत कमी दिसली तर आधी ते तपासा. अस्सल विंडोजचा खर्च वरून पडला तर स्वस्ताई संपली.

पडदा १९२० बाय १०८० आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा) हवा. अजूनही १३६६ बाय ७६८ चे तुकडे विकले जातात. त्यावर एक्सेलचे स्तंभ निम्मेच दिसतात आणि दिवसभर आडवं सरकवत बसावं लागतं. ऑफिसात टेबलावर २२ किंवा २४ इंची मॉनिटर जोडा, आताच नाही तर दिवाळीला. एका बाजूला खरेदीचं रजिस्टर, दुसऱ्या बाजूला २बी. डोळ्यांना आणि मानेला आराम पडतो, चुकाही कमी होतात.

शारजातून
मी पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. इथे स्वस्त पडेल का, विचारून बघू?

जमाखर्च
दादा, विचारलंत हेच खूप. पण तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि मला इथल्या जीएसटीचं बिल हवं आहे.

आजोळ
ताई, जीएसटीचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझं डीटीपीचं काम आहे, नोंदणी आहे. लॅपटॉपवरचा कर खरंच परत मिळतो का?

जमाखर्च
ही माझी बाजू, सांगते.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ला टीव्ही आणि एसीचे दर खाली आले, लॅपटॉपचा होता तोच राहिला. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने नोंदणीकृत असाल आणि लॅपटॉप धंद्यासाठी वापरणार असाल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. बेचाळीस हजारांच्या बिलात कराचे सुमारे ६,४०० रुपये असतात. म्हणजे तुम्हाला तो पस्तीस हजार सहाशेच्या आसपास पडला. बजेट ठरवताना हे धरा, कारण त्या फरकात ८ जीबीऐवजी १६ जीबी बसू शकतं. कंपोझिशन (ठोक दराने कर भरायच्या) योजनेत असाल तर मात्र क्रेडिट नाही.

बिलावर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि धंद्याचं नाव बरोबर हवं. ऑनलाइन घेताना ऑर्डर देण्याआधी तो टाकायचा पर्याय असतो. नंतर बदलून मागाल तर कोणी दाद देत नाही. प्रत्येक विक्रेता जीएसटीचं बिल देतोच असं नाही, म्हणून वस्तूच्या पानावर तसा उल्लेख बघा. बिल २बीमध्ये दिसलं की मगच क्रेडिट घ्या.

इन्कम टॅक्समध्ये संगणकावर ४० टक्के घसारा आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने घेतलेल्यावर त्या वर्षी २० टक्केच मिळतो. कराचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढी रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर घसारा धरायचा. दोन्हीकडे फायदा घेता येत नाही. आणि अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यातच धरलेला असतो.

आजोळ
फार उपयोगी. पुढच्याच आठवड्यात बिल घेणार होते, आता जीएसटीआयएन घालूनच घेते. सोबत मायक्रोसॉफ्ट ऑफिस 'फुकट' येतं म्हणतात, ते कसं असतं?

मुक्काम_पुसद
दोन प्रकार असतात. एकात काही महिन्यांची चव देऊन पुढे वर्षाचे पैसे मागतात, दुसऱ्यात कायमचं असतं. बिलावर काय लिहिलंय ते वाचा. 'होम अँड स्टुडंट' असेल तर त्याचा परवाना धंद्यासाठी नसतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. माझ्या केंद्रात लिबरऑफिस आहे. पत्रं, अर्ज, साधे तक्ते यांत काही अडत नाही. मात्र ताईंसारखं मॅक्रो असलेल्या सरकारी एक्सेल फायलींचं काम असेल तर एक्सेलच लागतं. आणि दोनशे रुपयांत कायमची परवाना-किल्ली विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ती चोरीची किंवा कुठल्यातरी संस्थेची असते, कधीही बंद पडते.

जमाखर्च
मंडळी, लॅपटॉप घेतला. सोलापूरच्या डीलरकडून ऑफिसच्या मालिकेतला, रायझन ५ ७५३०यू, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची, तीन मोठ्या यूएसबी. बजेटच्या तीन हजार वर गेला. क्रेडिट धरलं तर आतच आहे. ऑनसाइट वॉरंटी बार्शीच्या पिनकोडला आहे, हे टोल-फ्रीवर विचारून घेतलं. टंकिकाताई, दुकानात बेरीज टाकून बघितली. आधी पसंत केलेलं मॉडेल त्याच कारणाने सोडलं, कारण त्याची नंबरपॅडची एंटर फारच अरुंद होती.

टॅलीचा डेटा हलवला, टोकन चालू झालं, मराठी इनस्क्रिप्ट सुरू आहे. जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून श्रीलिपीच्या फायली बघायला ठेवलं आहे. आता नव्या मशीनवर पहिल्या दिवशीच करून ठेवायला हवं असं आणखी काही राहिलंय का?

कळफलक
अभिनंदन! राहिलंय, आणि ते आजच करा. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. ते चांगलंच आहे. लॅपटॉप एसटीत राहिला तरी तुमच्या पक्षकारांची कागदपत्रं कोणी वाचू शकणार नाही. पण बायोसचं अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. ती नसेल तर डेटा गेला, कंपनीचा माणूसही काही करू शकत नाही.

सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षेच्या भागात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे का बघा. चालू असेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन किल्ली उघडा, छापा आणि कपाटात ठेवा. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलं असेल, आणि पुष्कळ जण तसं करतात, तर किल्ली त्याच्या खात्यात गेलेली असते. आधी ते खातं काढून स्वतःचं जोडा, कुलूप एकदा बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे नवी किल्ली तुमच्या खात्यात येईल.

टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज संध्याकाळी. ती डिस्क लॅपटॉपला कायम लावून ठेवू नका, व्हायरस आला तर दोन्ही जातात.

जमाखर्च
बघितलं. खातं डीलरच्या मुलाच्या ईमेलवर होतं. आत्ताच बदलतेय.